पुन्हा पहिल्या इयत्तेत

बुलढाणा जिल्ह्यात बर्फ पडत नाही, गारा पडतात. माघ-फाल्गुनात एखाद्या दुपारी आभाळ अचानक काळवंडते, दहा-पंधरा मिनिटे पांढरा मारा होतो आणि हाताशी आलेला गहू-हरभरा आडवा होतो. येथील व्यापाऱ्याला गार म्हटली की शेतकऱ्याकडे अडकलेली उधारी आठवते. बर्फावरून घसरत जाण्यात कोणाला आनंद वाटत असेल, ही कल्पना त्याच्या मनात सहसा येत नाही. तरीही याच जिल्ह्यातील एका जैन व्यापारी कुटुंबाच्या थोरल्या मुलाला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी बर्फाने एक धडा दिला. तो धडा खेळाचा होता खरा; पण तो लागू पडला खामगावच्या पेढीवरच्या एका जुन्या प्रसंगाला.

खामगाव हे कापसाचे जुने गाव. केवळ कापसासाठी म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत लोहमार्गाचा फाटा १८७० साली सुरू झाला, यावरून या पेठेचे त्या काळचे महत्त्व ध्यानात यावे. कुटुंबाची अडतीची पेढी याच पेठेतील. घरातले सगळे आणि पेठेतले बहुतेक जण वडिलांना बाबूजी म्हणतात. बाबूजींनी पन्नास वर्षे लाल कापडाच्या बांधणीची वही लिहिली. कागदाला सळ पाडून केलेले रकाने, रोज रात्री रोजमेळ मिळवणे, दर आठवड्याला खतावणी आणि दिवाळीला वहीपूजन, हा त्यांचा क्रम कधी चुकला नाही. एक रुपयाचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत ते जेवायला उठत नसत. आणि रात्रिभोजनाचा त्याग असल्यामुळे अशा दिवशी जेवण राहूनच जाई. धाकटा मुलगा आणि सून आता पेढी पाहतात. थोरला अभियंता होऊन चोविसाव्या वर्षी अमेरिकेस गेला आणि कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरी स्थायिक झाला.

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे सोळाशे मीटर उंचीवर वसले आहे. शहराच्या पश्चिमेला रॉकी पर्वताची रांग आहे आणि हिवाळ्यात त्या उतारांवर स्कीइंगसाठी माणसे लोटतात. मित्रांच्या आग्रहाने सत्ताविसाव्या वर्षी तोही गेला आणि त्या खेळाचा झाला. दोन पायांना दोन लांब पट्ट्या, हातांत दोन काठ्या, तोंड समोर, आणि पुढे मोकळा पांढरा उतार. पहिल्या हिवाळ्यात तो पडला, धडपडला. तिसऱ्या-चौथ्या हिवाळ्यापर्यंत चांगला तरबेज झाला.

खामगावला आईला हे कळले, तेव्हा तिने फोनवर विचारलेला प्रश्न इतरांपेक्षा वेगळा होता. हाडे मोडतील, थंडी बाधेल, असे ती म्हणाली नाही. ती म्हणाली, “बर्फ म्हणजे अप्काय. काम ना धाम, त्याच्यावर उड्या मारायच्या, हा अनर्थदंड नाही का रे?” लहानपणी पाठशाळेत गेलेल्या मुलाला प्रश्न पूर्ण समजला, उत्तर मात्र सापडले नाही. सोडून देण्याइतके वैराग्य नव्हते आणि आईचे बोलणे झटकून टाकण्याइतका निगरगट्टपणाही नव्हता. अखेर त्याने मर्यादा घेतली: एका हिवाळ्यात सहा दिवस, सातवा नाही. आईचे पूर्ण समाधान झाले असे नाही, पण मर्यादा घेतली याचे तिला बरे वाटले. ती मर्यादा त्याने पाळली. सहा दिवसांप्रमाणे अठरा हिवाळे, म्हणजे एकशे आठ दिवस झाले. माळेचे मणी पुरे झाले, असे तो थट्टेने म्हणत असे.

माळेचा नवा फेरा वेगळ्याच मण्याने सुरू झाला. त्याची अकरा वर्षांची मुलगी एके दिवशी म्हणाली की तिला स्कीइंग नको, स्नोबोर्ड शिकायचा आहे. स्नोबोर्ड म्हणजे एकच रुंद फळी. दोन्ही पाय तिच्यावर आडवे बांधलेले, हातांत काठी नाही आणि शरीर उताराला बाजू देऊन उभे. मुलगी एकटी शिकणार, त्यापेक्षा आपणही शिकावे, असे त्याने ठरवले. बर्फ तोच, उतार तोच, थंडी तीच. अठरा हिवाळ्यांचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला दोन तास पुरे, हा त्याचा हिशेब होता.

हिशेबाला आधार नव्हता असे नाही. स्नोबोर्डचा उगमच मुळी स्कीच्या पट्ट्यांतून झालेला आहे. १९६५ सालच्या नाताळात अमेरिकेतील मिशिगन राज्यात शेर्मन पॉपेन नावाच्या अभियंत्याने मुलींना खेळायला म्हणून दोन पट्ट्या एकमेकींना जोडून एक फळी केली आणि पुढे तिच्या टोकाला धरायला दोरी बांधली. तेच ‘स्नर्फर’ नावाने बाजारात आले. १९७७ साली जेक बर्टन कार्पेंटर याने व्हर्माँटमध्ये अशा फळ्या तयार करण्याचा व्यवसाय सुरू केला आणि तिला आजचे रूप येत गेले. प्रारंभी बहुतेक स्कीइंग केंद्रांनी या फळीला दारातच अडवले. अमेरिकेत मोजकी केंद्रे अशी आहेत की जी तिला दीर्घकाळ मज्जाव करीत आली. पण १९९८ साली जपानमधील नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिला स्थान मिळाले. थोडक्यात, दोन्ही खेळ एकाच घरातले भाऊ. एकाशी ओळख असली की दुसऱ्याकडे सहज जाता येईल, असे कोणालाही वाटावे.

जानेवारीतील एका शनिवारी सकाळी बाप-लेक शिकवणीला उभे राहिले. शिक्षिका जेमतेम बावीस वर्षांची होती. तिने विचारले, “यापूर्वी बर्फावर गेला आहात?” त्याने काहीशा अभिमानाने सांगितले, “अठरा वर्षे स्कीइंग करतो आहे.” ती हसली आणि म्हणाली, “छान. मग तुमच्या मुलीपेक्षा तुम्हांला थोडा जास्त वेळ लागेल. वाईट वाटून घेऊ नका.” हा विनोद असावा असे त्याला वाटले.

प्रथम कोणता पाय पुढे ठेवायचा ते ठरवायचे होते. तिने पाठीमागून हलकासा धक्का दिला. तोल सावरायला मुलीचा डावा पाय पुढे आला, त्याचा उजवा. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला तेथे ‘रेग्युलर’ म्हणतात आणि उजवा ठेवणाऱ्याला ‘गूफी’. त्या दुसऱ्या शब्दाला इंग्रजीत थट्टेची छटा आहे, त्यामुळे मुलगी खुशीत आली. मग पुढचा पाय बांधून आणि मागचा मोकळा ठेवून सपाटीवर चालणे झाले. मग दोन्ही पाय बांधून, दरीकडे तोंड करून, टाचांकडच्या कडेवर उभे राहून हळूहळू सरळ खाली घसरायचे. त्यानंतर त्याच कडेवर राहून डावीकडे जायचे, थांबायचे, उजवीकडे यायचे. झाडावरून गळणारे पान जसे हेलकावे घेत उतरते तसे. या पाठाचे नावच ‘गळते पान’ असे आहे.

मुलगी पान झाली. वडील दगड झाले.

पहिल्यांदा तो पडला तेव्हा काय घडले तेच त्याला कळले नाही. वेग नव्हता, उतार लहान मुलांचा होता. तरी कोणी मागून ढकलावे तसा तो तोंडावर आपटला. दुसऱ्यांदा पाठीवर, तिसऱ्यांदा पुन्हा तोंडावर. शिक्षिकेने आधीच बजावले होते की पडताना हात पसरायचे नाहीत, मुठी मिटून छातीशी घ्यायच्या. कारण स्कीइंगमध्ये गुडघा सांभाळायचा असतो आणि या फळीवर मनगट. स्कीइंगच्या पट्ट्या जोराच्या पडण्यात पायांपासून सुटतात; या फळीचे पट्टे सुटत नाहीत. माणूस फळीसह पडतो आणि फळीसह उठतो. तीस वेळा पडल्यानंतर त्याने मोजणे सोडले. शेजारी सहा-सात वर्षांची मुले सरसर जात होती. त्याच्या ओळखीचे एक स्कीइंग करणारे जोडपे वर लटकत्या चेअरलिफ्टमधून जाताना त्याने पाहिले आणि शिरस्त्राणाची काच खाली ओढून घेतली.

दुपारी शिक्षिकेने त्याला बाजूला बसवले आणि कारण समजावून सांगितले. कारण अज्ञान हे नव्हते. जे येत होते तेच आडवे येत होते.

स्कीइंग करणारा उतारावर आडवा जात असेल तर भार खालच्या बाजूच्या पट्टीवर देतो. हा तेथील पहिला नियम, आणि अठरा हिवाळ्यांत तो त्याच्या पोटऱ्यांत मुरलेला. स्नोबोर्डवर मात्र खालची बाजू म्हणजे फळीची खालची कड. तिच्यावर भार गेला की ती बर्फात रुतते, फळी जागीच थांबते आणि शरीर दरीच्या दिशेने फेकले जाते. येथे सदैव वरच्या कडेवर उभे राहायचे असते. स्कीइंग करणारा छाती आणि खांदे दरीकडे ठेवतो. फळीवर खांदे वळले की त्यांच्यामागे फळीही वळते. स्कीइंगमध्ये शिकाऊ माणूस वेग वाढला की दोन्ही पट्ट्यांची टोके जवळ आणून मागचा भाग फाकवतो. त्या आकाराला इंग्रजीत नांगराचेच नाव आहे. संकट दिसताच त्याचे पाय आपोआप तो नांगर धरू पाहत. आणि पाय तर एकाच फळीला जखडलेले. डोके आज्ञा देईपर्यंत शरीराने आपली जुनी सवय पुरी केलेली असे. मुलीच्या शरीराजवळ अशी कोणतीही जुनी आज्ञा नव्हती. तिला सांगितले तेवढेच ती करीत होती.

“मग माझी अठरा वर्षे फुकटच म्हणायची,” तो म्हणाला.

“नाही,” ती म्हणाली. “तुम्हांला बर्फ कळतो. कुठे टणक आहे, कुठे भुसभुशीत, ते तुम्ही लांबून ओळखता. वेगाची भीती नाही. खालच्या माणसाचा हक्क पहिला, हे सांगावे लागत नाही. हे सगळे कामाला येईल, पण आज नाही. आज फक्त फळी शिकायची आहे.” आणि मग ती जे म्हणाली ते त्याच्या मनात घर करून राहिले: “हे अवघड आहे. तुमच्यासारख्यांना तर अधिकच अवघड असते.”

अवघड आहे. सकाळपासून ती मुलगी एकदाही ‘सोपे आहे’ असे म्हणाली नव्हती. परतीच्या रस्त्यावर, अंग ठणकत असताना, त्याला एकाएकी खामगावच्या पेढीवरची आठ वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवली.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि लहानमोठ्या अनेक पेढ्यांना हिशेब संगणकावर आणणे भाग पडले. वर्षातून एकदा वही सनदी लेखापालाकडे नेऊन देण्याचे दिवस संपले. विवरणपत्रे ठरलेल्या तारखांना संगणकावरून भरायची. त्याच महिन्यात थोरला मुलगा सुटीवर खामगावला आला होता. पेढीवर संगणक आला, टॅली आली. बाबूजींना शिकवण्याचे काम त्याने आपणहून अंगावर घेतले. बाबूजी तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. ते दोन संध्याकाळी शेजारी बसले. कळफलकावर त्यांचे बोट हळू फिरे, ते ठीकच होते. पण खात्याची नोंद करताना ते पुन्हा पुन्हा तीच चूक करीत. जमेची रक्कम नावे पडे, नावेची जमेला. तिसऱ्या संध्याकाळी, धाकटी सून आणि दोन हमाल समोर असताना, मुलाचा धीर सुटला. तो म्हणाला, “बाबूजी, इतकं सोपं आहे. पाचवीतला पोरगासुद्धा शिकेल.”

बाबूजी काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला, “आज पुरे,” म्हणाले आणि उठले. त्यानंतर ते संगणकासमोर कधीही बसले नाहीत. सुनेने काम हाती घेतले आणि उत्तम केले. लाल वही कपाटात गेली. बाबूजी गादीवर बसत, आल्यागेल्याशी बोलत. पण संध्याकाळी रोजमेळ मिळवायच्या वेळी ते उठून घरी जाऊ लागले. भांडण झाले नाही, अबोलाही नाही. दरवर्षी संवत्सरीला मुलाचा ‘मिच्छामि दुक्कडम्’चा संदेश शंभर जणांबरोबर त्यांनाही येई आणि तेही हात जोडल्याचे चित्र पाठवीत.

जमा-नावेची ती चूक का होत होती, याचा विचार मुलाने कधी केला नव्हता. आता मोटार चालवताना त्याने तो केला, आणि उत्तर त्याला घाटाच्या एका वळणावर सापडले. आपल्या देशी नामे पद्धतीत खात्याची डावी बाजू जमेची आणि उजवी नावेची. इंग्रजी पद्धतीत नेमके उलट: डावीकडे डेबिट म्हणजे नावे, उजवीकडे क्रेडिट म्हणजे जमा. एखाद्या शेतकऱ्याकडून रक्कम आली तर बाबूजींच्या खतावणीत ती त्याच्या खात्यावर डावीकडे चढे. संगणकाच्या पडद्यावर ती उजवीकडे चढते. दोन्ही पद्धतींचा ताळा सारखाच जुळतो, तत्त्व एकच, फक्त पानाच्या बाजू आरशातल्यासारख्या उलटलेल्या. ज्याला काहीच येत नाही त्याला यात अडचण नाही; तो सांगितलेली बाजू धरतो. ज्याने पन्नास वर्षे डावीकडे जमा लिहिली, त्याचा हात मात्र डावीकडेच जाणार. बाबूजी मंद नव्हते. ते तरबेज होते. त्यांची खालची कड रुतत होती.

आठ मदांमध्ये ज्ञानाचाही मद गणलेला आहे. शिकताना तो मद आड येतो हे आपण ऐकतो. शिकवतानाही तो तितकाच आड येतो, हे तितकेसे लक्षात येत नाही. आपल्याला एखादी गोष्ट आली की ती येत नव्हती तो काळ आपण विसरतो आणि समोरच्याची अडखळ आपल्याला त्याचा दोष वाटू लागते. शास्त्रात याचे फार सुंदर उदाहरण आहे. उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा येते. आनंद हा गृहस्थ, संपन्न व्यापारी. आयुष्याच्या अखेरीस, अनशनात असताना, त्याला विशाल अवधिज्ञान झाले. भेटीस आलेल्या गौतमस्वामींना ते खरे वाटले नाही. गृहस्थाला एवढे ज्ञान होत नाही, तू प्रायश्चित्त घे, असे ते म्हणाले. आनंदाने नम्रपणे विचारले की प्रायश्चित्त सत्याचे घ्यायचे की असत्याचे? गौतमस्वामींनी भगवान महावीरांना विचारले. आनंदाचे बोलणे खरे होते. तेव्हा पहिले गणधर, चार ज्ञानांचे धनी असलेले गौतमस्वामी, परत फिरले आणि त्यांनी एका श्रावकाची क्षमा मागितली. पाठशाळेत ही कथा मुलाने पाठ केली होती आणि स्पर्धेत बक्षीसही मिळवले होते.

हिवाळ्यात डेन्व्हर आणि भारत यांच्या घड्याळांत साडेबारा तासांचे अंतर असते. रात्री नऊला त्याने फोन लावला, तेव्हा खामगावात रविवारचे साडेनऊ वाजले होते. बाबूजी नुकतेच स्थानकातून परतले होते.

“बाबूजी, आज मी तीस वेळा पडलो.”

“लागलं का कुठे?”

“नाही. बाबूजी, सतराच्या साली पेढीवर मी तुम्हांला एक बोललो होतो. सुनबाई आणि हमालांच्या समोर.”

पलीकडे शांतता. मग बाबूजी म्हणाले, “आठवतं.”

“माझं चुकलं. तुमची जमा डावीकडे होती, हे मी पाहिलंच नाही.”

पुन्हा थोडा वेळ गेला. “हो रे,” बाबूजी म्हणाले. “तू सांगायचास ते कळायचं. पण हात ऐकायचा नाही. डावीकडेच जायचा.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“तू सोपं आहे म्हणालास. सोपं आहे म्हटल्यावर, मला अवघड जातंय, असं कोण म्हणेल बेटा?”

आठ संवत्सरींचे संदेश जेथे पोचले नव्हते, तेथे हे एक वाक्य पोचले. दर वर्षी शंभर जणांची एकत्रित क्षमा मागताना जी नेमकी नोंद राहून गेली होती, ती त्या सकाळी खात्यावर आली. आई शेजारीच होती. तिने फोन घेतला आणि एवढेच विचारले, “सहापैकी कितवा दिवस?” तो म्हणाला, “पहिला.” ती म्हणाली, “बरं.”

पुढे जे झाले त्यात चमत्कार काही नाही. बाबूजींनी त्या आठवड्यात कपाटातून एक जुनी वही काढली आणि तिच्या कोऱ्या पानावर दोन खाती शेजारी शेजारी काढली: एक आपल्या पद्धतीचे, एक संगणकाच्या. डावीकडून उजवीकडे बाण काढले. मग धाकट्या सुनेला म्हणाले, “रोज एका सामायिकाएवढा वेळ मला दे. अठ्ठेचाळीस मिनिटं. त्याहून जास्त नको.” सुनेने ते मान्य केले, आणि शिकवताना तिने एक गोष्ट जाणीवपूर्वक पाळली: चूक झाली की ती ‘असं नाही’ म्हणत नसे, “आपल्या वहीत हे कुठे लिहिलं असतं?” असे आधी विचारी. ते सांगत, मग दोघे मिळून ते पलटवीत. पहिले काही दिवस गेल्या वर्षांपेक्षा वेगळे नव्हते. हात डावीकडे जाई, ते थांबत, पानावरचा बाण पाहत, पुन्हा करीत. अक्षय्य तृतीयेपर्यंत रोजच्या पावत्यांची नोंद ते स्वतः करू लागले. वेग सुनेच्या चौथाईही नव्हता, पण चूक नव्हती.

आणि मग जुनी विद्या कामाला आली. खात्यांची यादी चाळताना त्यांना दिसले की मेहकरकडच्या एका गिऱ्हाइकाची दोन खाती उघडली गेली आहेत. नावाचे स्पेलिंग दोन प्रकारे पडल्यामुळे संगणकाने ती दोन माणसे मानली होती. एकीकडे येणे दिसत होते, दुसरीकडे देणे. त्या गिऱ्हाइकाच्या वडिलांनाही ओळखणाऱ्या बाबूजींना हे एका दृष्टिक्षेपात कळले. संगणकाला बेरीज येते. ती पेठ बाबूजींना येत होती.

तिकडे मुलाचे उरलेले पाच दिवसही झाले. दुसऱ्या दिवशी तो कमी पडला असे नाही, पण कमी दचकला. तिसऱ्या दिवशी बोटांकडच्या कडेवर, दरीकडे पाठ करून, घसरायला शिकला. अडखळला की मुलगी खालून ओरडे, “पप्पा, पायांकडे बघू नका, जायचं तिकडे बघा.” चौथ्या दिवशी दुपारी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाणारी तीन वळणे एकापाठोपाठ एक साधली. सहाव्या दिवशी त्याने सकाळी स्नोबोर्ड आणि दुपारी आपल्या जुन्या पट्ट्या घेतल्या, आणि त्याला एक नवल वाटले: स्कीइंग बिघडले नव्हते. पट्ट्यांच्या कडा आता पूर्वीपेक्षा अधिक नेमक्या जाणवत होत्या.

नवे शिकण्यासाठी जुने टाकून द्यावे लागते, हा समज खरा नाही. चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्का हिने २०१८ साली दक्षिण कोरियातील प्योंगचांग येथील एकाच हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीइंगच्या सुपर-जी शर्यतीत आणि स्नोबोर्डच्या समांतर जायंट स्लॅलम शर्यतीत अशी दोन सुवर्णपदके मिळवली. पहिली शर्यत तिने सेकंदाच्या शंभराव्या भागाने जिंकली आणि दुसरी त्यानंतर अवघ्या आठवड्याने. तिच्या एकाच शरीरात दोन्ही विद्या नांदत होत्या. कोणत्या उतारावर कोणती बाहेर काढायची आणि कोणती थोडा वेळ गप्प बसवायची, एवढा विवेक लागतो. तो पडल्याशिवाय येत नाही, आणि पडणाऱ्याला ‘सोपे आहे’ म्हणणारे कोणी शेजारी असेल तर येता येता परत जातो.

आज अनेक पेढ्यांवर हेच चित्र आहे. गादीवर पन्नास वर्षांचा हात बसलेला असतो आणि पडद्यासमोर पंचविशीची बोटे. मोबाईलवरून पैसे घेणे असो, ई-वे बिल असो, नातवाने लावून दिलेले एखादे ॲप असो. वडीलधारी माणसे एकदा अडखळतात, कोणीतरी हसते, आणि ती ‘आज पुरे’ म्हणून उठतात. घरातल्यांना वाटते, त्यांना आवड नाही.

त्या वर्षी संवत्सरीला थोरल्या मुलाने शंभर जणांना जाणारा संदेश पाठवला नाही. त्याने वहीत अकरा नावे लिहिली आणि अकरा फोन केले. बाबूजींचा फोन शेवटी होता. क्षमापना झाल्यावर बाबूजींनी विचारले, “आता या हिवाळ्यात किती वेळा पडणार?”

“मोजून सांगेन,” तो म्हणाला.

“मोज,” बाबूजी म्हणाले. “आणि कोणत्या बाजूला पडलास तेही लिहून ठेव.”